दहा सायकलींची गोष्ट

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव जपानात नोकरीला आहेत. त्यांनी तिकडच्या जुन्या बाजारातून एक ॲम्प्लिफायर आणि एक रेकॉर्ड प्लेअर मोठ्या हौसेने विकत घेतला आणि इकडे येणाऱ्या मित्राबरोबर आईवडिलांना पाठवून दिला. खोकी आली, उघडली, नातवंडांनी थर्माकोलचा चुरा घरभर केला, आणि मग कुणाचे तरी लक्ष यंत्राच्या पाठीवरच्या पाटीकडे गेले. पाटीवर १०० व्होल्ट लिहिलेले. "आमच्याकडे २३० येते असे वायरमन म्हणतो. यजमान म्हणतात, लावून तर पाहू, फार तर काय होईल? आपण या सदरात घरातल्या असल्या भानगडींवर लिहिता, म्हणून विचारते. फार तर काय होईल?"

बाई, फार तर काय होते हे सांगण्याचा अधिकार मला जितका आहे तितका फार थोड्यांना असेल. पत्र वाचून होईपर्यंत यजमानांना थांबवा. बटणाजवळ जाऊ देऊ नका. मी त्यांच्याच जातीचा आहे, म्हणून सांगतो.

त्याचे असे झाले. आमचा दादा १९६९ साली शिकागोला गेला. १९७७ च्या दिवाळीत त्याच्या एका मित्राबरोबर दोन खोकी पुण्याला आमच्या घरी आली. वसुबारसेची संध्याकाळ होती. पहिल्या खोक्यातून एक टुमदार रेकॉर्ड प्लेअर निघाला. त्याच्या वायरीच्या टोकाला दोन चपट्या पट्ट्या होत्या, आणि आमच्या भिंतीला गोल भोके. घरातला फ्यूज मी बांधत असे, त्यामुळे वीजशास्त्रात माझ्या शब्दाला घरात मान होता. मी चपटी टोके कापली, गोल पिनांचा प्लग बसवला, आणि आप्पांना म्हणालो, "आप्पा, बटण तुम्हीच दाबा."

आप्पांनी दाबले. तबकडी फिरली, नाही असे नाही. मग आतून कुणी घसा खाकरावा तसा 'घुर्र' असा आवाज आला, पाठोपाठ जळक्या वार्निशाचा वास आला, आणि सगळे घर अंधारात गेले. फ्यूज बांधायला अर्थात मलाच बोलावण्यात आले.

मेणबत्तीच्या उजेडात दुसरे खोके उघडले. त्यात टेपरेकॉर्डर होता, मोठ्या चक्रांचा, आणि त्याच्या झाकणात दादाचे पत्र. पहिलेच वाक्य असे होते, की कोणतीही वस्तू ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये. पत्र पहिल्या खोक्यात का घातले नाहीस, असे मी त्याला पुढे कितीदा तरी विचारले आहे.

हे दोन तऱ्हेचे दाब जगात आले कसे, हे थोडक्यात सांगतो. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला वीज विकायला सुरुवात केली ती ११० व्होल्टच्या आसपास, कारण त्याच्या दिव्यांना तेवढीच मानवत होती. अमेरिका त्याच वाटेने गेली. आज तिथे १२० आहे. जपानने १०० धरले. पण १८९९ मध्ये बर्लिनच्या वीज कंपनीने दाब दुप्पट करून टाकला. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो, आणि तारांत फुकट जाणारी उष्णता पावपट होते. म्हणजे तांबे वाचते. युरोपने हा हिशेब पत्करला आणि आपणही पत्करला. त्यामुळे आपल्या भिंतीत अमेरिकेच्या जवळजवळ दुप्पट आणि जपानच्या सव्वादोन पटींहून जास्त दाब असतो. साधी तापणारी तार घेतली तर उष्णता दाबाच्या वर्गाने वाढते: १०० ची वस्तू २३० वर लावली की पाचपटींहून अधिक. आत मोटार किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर गोष्ट आणखी वाईट, कारण त्यातल्या लोखंडाचे पोट चुंबकत्वाने भरते, ते आणखी घेईनासे होते, आणि मग प्रवाह कशालाच जुमानत नाही. आमचे 'घुर्र' ते हेच.

उपाय सोपा होता. भाऊबिजेनंतर मी बुधवारातल्या तपकीर गल्लीत गेलो आणि २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर घेऊन आलो; पाच शेर वजनाचा, हिरव्या रंगाचा, सदैव गुणगुणणारा. टेपरेकॉर्डर त्याच्यावर लावला. दिवा लागला, चक्रे फिरली, वास आला नाही. माझी गेलेली पत परत आली. आप्पांनी मायक्रोफोनपुढे बसून १९६१ च्या पानशेतच्या पुराची हकीकत सांगितली, बारा जुलैला सकाळी ते कुठे होते आणि पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते ती. आणि फीत उलटी गुंडाळून लावली तेव्हा आप्पांचा तोच भरदार आवाज, तोच खाकरा, तीच 'समजलास?' ही पालुपदाची विचारणा जशीच्या तशी ऐकू आली. यंत्र उत्तम चालते याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. त्या खोक्यात एक ध्वनिफीतही होती. तिच्यावर आईचा आवाज होता.

आई १९७५ च्या हिवाळ्यात वहिनीच्या बाळंतपणासाठी शिकागोला गेली होती. मार्चमध्ये परत आली, आणि त्याच वर्षी श्रावणात, ध्यानीमनी नसताना, हृदयविकाराने गेली. तिचा आवाज म्हणून जगात जे काही उरले होते ते एवढेच. तिकडे शेजारी एक महाराष्ट्रीय बाई होत्या, त्यांच्याकडे पेटी होती. एके दिवशी सकाळी त्या पेटी घेऊन आल्या आणि दादाने गुपचूप यंत्र सुरू करून दिले. तो स्वतः चकार शब्द बोलला नव्हता. आई म्हणते, "काळी चार धर गं," पेटी सुरू होते, आणि आई एक भूपाळी म्हणते. मागे कुठेतरी एक मूल रडते, जरा घोगरेच. संपले.

आम्ही ती फीत लावली तेव्हा देवापुढे समई होती. आईचा आवाज आला. तिचाच होता, यात शंका नाही. शब्द म्हणण्याची लकब तिची, श्वास घेण्याच्या जागा तिच्या. पण आवाज जड होता, खाली गेलेला, ओढल्यासारखा. भूपाळी इतकी संथ, की प्रत्येक ओळीला ती पोचते की नाही असे वाटावे. माझी धाकटी बहीण रडू लागली. मला वाटले, थंडी. तिकडच्या थंडीने आवाज बसला असेल.

आप्पा काहीच बोलले नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला म्हणाले, "तिला तिकडेच काहीतरी होत होते. इतकी दमलेली ती कधी गायली नाही. हे रोज ऐकणाऱ्याला कळू नये?"

रोज ऐकणारा म्हणजे दादा.

त्याआधी आप्पा दादाला दर पंधरवड्याला एरोग्राम लिहीत. निळ्या कागदाची एकही बाजू, घडीची पट्टीसुद्धा, ते कोरी सोडत नसत. त्या दिवाळीनंतर त्यांनी लिहिणे सोडले. पत्र मी लिहायचे, आणि शेवटी कोपऱ्यात ते 'अनेक आशीर्वाद' एवढे दोन शब्द लिहून खाली सही करायचे. चार वर्षे असे चालले. दादा मला खासगीत विचारी, आप्पांचे काय बिनसले आहे? मी काय लिहिणार? 'तू आईला मारलेस असे त्यांना वाटते' असे काही पत्रात लिहिता येत नाही. खरे सांगायचे तर, थोडेसे मलाही तसे वाटू लागले होते. पुरावा फितीवर होता, आणि दर वर्षी तिथीला आम्ही तो लावून ऐकत होतो.

१९८१ च्या वैशाखात माझे लग्न झाले. सौभाग्यवती गाणे शिकलेली. तिच्याबरोबर माहेरची पेटीही आमच्या घरी आली. त्या श्रावणात आईच्या तिथीला फीत लागली तेव्हा घरात असे एकच माणूस होते, ज्याने आईचा आवाज कधी ऐकला नव्हता. बाकीचे आम्ही आई ऐकत होतो. ती पेटी ऐकत होती.

रात्री सगळे निजल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावले. "सासूबाई काळी चार म्हणतात ना?"

"हो. ती नेहमी काळी चारलाच गायची."

"मग पेटी पांढरी चारला कशी वाजते?"

मी म्हटले, त्या शेजारच्या बाईंनी चुकून धरली असेल. त्यावर ती जे म्हणाली ते मी विसरलेलो नाही. "काळी चार मागितली, पांढरी चार मिळाली, आणि सासूबाई निमूटपणे गायल्या? तुम्ही मला त्यांच्याबद्दल जे सांगितले आहे, त्यावरून तरी असे वाटत नाही." मी म्हटले, अगं, तिला सर्दी झाली होती. ती म्हणाली, "माणसाला सर्दी होते हो. पेटीला होत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने आपली पेटी टेपरेकॉर्डरशेजारी मांडली. काळी चारपासून खाली उतरत गेली: पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. तिथे जुळली; खरे तर त्याहूनही केसभर खाली. तीन सूर आणि वर थोडेसे. मग मला फितीच्या डबीची आठवण झाली. डबीवर दादाने पेन्सिलीने लिहिले होते: भूपाळी, ४ मिनिटे १० सेकंद. मी घड्याळ लावून बसलो. भूपाळी संपली तेव्हा बरोबर ५ मिनिटे झाली होती.

आमच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो आणि हा हिशेब सांगितला. २५० सेकंदांचे ३०० झाले. म्हणजे पाचाचे सहा. काकांनी हातातली सोल्डरिंगची इस्त्री खाली ठेवली, आमच्याबरोबर घरी आले, यंत्र पालथे केले, आणि पाटीवर बोट ठेवले. १२० व्होल्ट, ६० सायकल. चार वर्षांत मी त्या पाटीचा अर्धाच भाग वाचला होता.

"तुमच्याकडे दहा सायकली कमी पडतात," काका म्हणाले.

आप्पा आरामखुर्चीत पडल्या पडल्या म्हणाले, "दहा? घरात एकच आहे, आणि तीही पंक्चर." पुण्यात सायकल म्हटले की दुसरे काय डोळ्यांपुढे येणार!

या सायकली म्हणजे विजेच्या लाटा. आपली वीज एका दिशेने वाहत नाही. ती पुढे-मागे हेलकावते, भारतात सेकंदाला ५० वेळा आणि अमेरिकेत ६० वेळा. आता याला हर्ट्झ म्हणतात. ट्रान्सफॉर्मर दाब कमी-जास्त करतो, पण हेलकाव्यांच्या संख्येला तो हात लावू शकत नाही. पन्नास आत गेले की पन्नासच बाहेर येतात. आणि त्या काळच्या पुष्कळशा टेपरेकॉर्डरांची आणि रेकॉर्ड प्लेअरांची मोटार या हेलकाव्यांच्या तालावर फिरत असे. शिकागोत जी फीत सेकंदाला साडेसात इंच सरकत होती, ती सदाशिव पेठेत सव्वासहा इंच सरकत होती. गती पाच-षष्ठांश, म्हणून सूर तीन घरे खाली.

मग आप्पांची पुराची हकीकत बरोबर कशी ऐकू येत होती? सौ.नेच हा प्रश्न विचारला, आणि काका प्रसन्न झाले. कारण ती सव्वासहा इंचांनीच भरली होती आणि सव्वासहा इंचांनीच वाजत होती. दोन्ही वेळा चूक सारखी, म्हणून चूक दिसत नव्हती. यंत्र आमच्याशी खरे बोलत होते आणि फक्त आईबद्दल खोटे सांगत होते. त्यातली गोम अशी, की व्होल्टेज चुकले तर धूर येतो, फ्यूज जातो, बायकामुले ओरडतात. सायकल चुकली तर काहीच होत नाही. दिवा लागतो, चक्रे फिरतात, आणि माणूस निश्चिंतपणे चुकीचे ऐकत राहतो.

इलाज काकांनी केला. मोटारीच्या दांड्यावर एक लहान पितळी पुली होती, तिच्या घेराने फितीची गती ठरत असे. मूळची दहा मिलिमीटरची. भवानी पेठेतल्या एका लेथवाल्याने बारा मिलिमीटरची करून दिली. तीन खेपांना बरोबर झाली, पहिल्या दोन डगमगत होत्या. मोटारीचा कंडेन्सरही जरा मोठा घातला, कारण ५० वर तिला त्याची गरज होती. रविवारी दुपारी काकांनी यंत्र बंद केले आणि आप्पांना म्हणाले, "ऐका आता."

"काळी चार धर गं." घरात आई बोलली. अगदी तीच, किंचित घाई असलेली, अधिकार असलेली, चुलीवर दूध ठेवून आलेल्या बाईची. पेटी काळी चारवर लागली. भूपाळी खळखळत गेली, आणि तिच्यात दमल्याची, आजाराची, थंडीची कसली म्हणून खूण नव्हती. ४ मिनिटे १० सेकंद.

आप्पा म्हणाले, "पुन्हा लाव." मी लावली. मग म्हणाले, "कोपऱ्यावरून एक एरोग्राम आण." त्या दिवशी रविवार होता, पोस्ट बंद. सौ.ने कुठूनसा एक शोधून दिला. त्यावर त्यांनी सगळ्या बाजूंनी लिहिले, घडीची पट्टीसुद्धा सोडली नाही, आणि आम्हाला न दाखवता चिकटवून टाकला. त्यात काय होते ते मला आजतागायत ठाऊक नाही. दादालाही मी विचारले नाही.

संध्याकाळी धाकट्या बहिणीने हौसेने पानशेतची फीत लावली. नवी पुली विसरूनच गेलो होतो. आप्पांची ती गंभीर हकीकत शाळकरी पोराने धापा टाकीत सांगावी तशी येऊ लागली. पाणी भराभर चढले, भराभर उतरले, आणि प्रत्येक 'समजलास?' चिमणीसारखे. आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण काका गंभीरपणे म्हणाले, जुनी पुली टाकू नका. तिकडे भरलेल्या फितींना नवी, इकडे भरलेल्या फितींना जुनी. एका वेळी दोघांचे खरे आवाज या यंत्रातून निघायचे नाहीत. आमच्याकडे तेव्हापासून तपकिरीच्या एका रिकाम्या डबीत ती पुली असे. घरात त्यांची नावेच पडली: आईची पुली आणि आप्पांची पुली.

असो. डोंबिवलीच्या भगिनी माझी वाट पाहत असतील.

बाई, प्रथम ॲम्प्लिफायर. २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. बाजारात ११० चा चटकन मिळतो आणि दुकानदार 'चालतो हो' म्हणतो. पण दहा टक्के जादा दाब जुन्या यंत्राला वर्षानुवर्षे देणे बरे नव्हे. १०० चा मुद्दाम मागा, नसेल तर बनवून घ्या. पाटीवर जितके वॅट लिहिले असतील त्याच्या दुप्पट ताकदीचा असावा. प्रवाशांसाठी म्हणून खिशात मावणारे हलके कन्व्हर्टर मिळतात, ते केस वाळवण्याच्या यंत्रापुरते ठीक, गाण्याच्या यंत्राला चुकूनही लावू नयेत. आणि एक लक्षात ठेवा, ट्रान्सफॉर्मर फक्त भागाकार करतो. तुमच्याकडे दाब २५० वर गेला तर पलीकडेही १०० ऐवजी १०९ जाईल. तसे होत असेल तर अलीकडे स्टॅबिलायझर हवा. मोबाइलच्या चार्जरवर १०० ते २४० असे लिहिलेले असते, त्याला यातले काहीच लागत नाही, तो थेट लावावा. पण जुन्या ॲम्प्लिफायरवर तसे लिहिलेले असेल अशी आशा धरू नये.

सायकलींच्या बाबतीत मात्र तुमचे नशीब थोर. जपानात दोन्ही प्रकार आहेत. १८९५ च्या सुमारास टोकियोने जनित्रे जर्मनीहून आणली, ती ५० ची. त्यानंतर लवकरच ओसाकाने अमेरिकेहून आणली, ती ६० ची. आजही फुजी नदीच्या आसपास देशाचे दोन भाग पडतात, पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेची टंचाई पडली तेव्हा पश्चिमेची वीज हवी तेवढी पलीकडे नेता येईना, कारण सायकल बदलून देणारी केंद्रे मोजकी. त्यांचे हे दुखणे तुमच्या पथ्यावर पडले आहे: तिकडची यंत्रे ५० आणि ६० दोन्ही सोसतील अशीच करावी लागत. म्हणून ॲम्प्लिफायरची चिंता नको. तसला भरवसा फक्त अमेरिकेसाठी केलेल्या यंत्रांचा देता येत नाही. त्यांतले ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतात.

रेकॉर्ड प्लेअरचे मात्र पाहावे लागेल. चिरंजीवांना विचारा, तो टोकियोच्या बाजूला घेतला की ओसाकाच्या? नव्या धर्तीचा, क्वार्ट्झवर चालणारा असेल तर भिंतीतल्या सायकलींशी त्याचा संबंध नाही. जुना पट्ट्याचा असेल तर तबकडी उचलून मोटारीची पुली पाहा. पुष्कळदा ती दोन घेरांची असते किंवा डब्यात दुसरी दिलेली असते. ओसाकाकडचा असेल आणि पुली न बदलता लावलात, तर ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड २८ हूनही कमी फेऱ्या फिरेल. यंत्र चालेल. यजमान म्हणतील, बघ, काही झाले नाही! खात्री करायची तर रेघांची चकती मिळते, ती तबकडीवर ठेवून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरवावी. ५० सायकलींसाठी १८० रेघांचे कडे, ६० साठी २१६ चे. आपल्याकडे १८० चे कडे स्तब्ध दिसले की गती बरोबर. हल्लीच्या एलईडी दिव्याखाली हे बहुधा दिसणार नाही. चकती नसेल तर शेजारी कुणाकडे पेटी असल्यास बोलवा.

आप्पा १९९१ मध्ये गेले. यंत्र अजून आहे. रबरी चाक कडक झाले आहे, पण फिरते. गेल्या दिवाळीत दादाची मुलगी आली होती, जिच्या जन्मासाठी आई तिकडे गेली होती ती. आता तिचेच केस पांढरे झाले आहेत. तिने दोन्ही फिती संगणकात उतरवून घेतल्या. आईची आईच्या गतीने, आप्पांची आप्पांच्या. पुली बदलायला लागली नाही. आकडा बदलला की झाले. मी डबीतून दोन्ही पुल्या काढून तिला दाखवल्या, तर तिने त्या बोटात घालून पाहिल्या.

मग तिने कानाला ते गोळे लावून भूपाळी ऐकली. शेवटाला तिने डोळे उघडले आणि मराठीतच विचारले, "काका, हे मागे कोण रडतंय?"

आम्ही चार वर्षे ते कुणा शेजाऱ्याचे थोराड मूल समजत होतो. मी म्हटले, "तूच. तीन आठवड्यांची होतीस."

तिने पुन्हा लावले. भूपाळी पुरी होत नाही तिथे. शेवटचे कडवे अर्ध्यावर सोडून आई म्हणते, "अगं, उठली वाटतं," आणि पाटाचा सरकल्याचा आवाज येतो.